छातीवरच्या दोन ओळी

"श्रीकांत, अंगावर गोंदलेलं काढता येतं का रे?"

हणमंतरावांनी हे विचारलं तेव्हा रविवारची दुसरी काफी चालली होती. प्रश्न त्यांनी असा सहज टाकला, जणू शर्टावरचा शाईचा डाग कशाने जातो तेच विचारत होते. पण मधल्या घरात बसलेल्या सगळ्यांच्या माना वळल्या. बसवनगुडीच्या त्या घरात अंगावर गोंदलेला पुरुष एकच होता.

तुंगाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी अवऱ्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचे हात थांबले. लग्नाला वीस वर्षं होत आली होती आणि नवऱ्याच्या छातीवरच्या त्या दोन ओळी त्यांना स्वतःच्या तळहातासारख्या पाठ होत्या. डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, फुटक्या बांगड्यांचे तुकडे ओळीत मांडावेत तशी गोल गोल अक्षरं. नव्या नवलाईच्या दिवसांत त्यांनी एकदाच विचारलं होतं. "बर्मी मंत्र आहे. साप चावू नये म्हणून," एवढंच उत्तर मिळालं. तुंगाबाईंनी ते मानलं. खरंच, वीस वर्षांत हणमंतरावांना साप चावला नव्हता. तसा घरातल्या दुसऱ्या कुणालाही चावला नव्हता.

"आता आठवलं होय तुला?" कृष्णाजींनी पेपर खाली ठेवला. ते थोरले भाऊ, चिकपेटेतल्या कापडदुकानाचे आणि या घराचेही मालक. रोज सकाळी अंगावर गोपीचंदनाच्या मुद्रा लावल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारे. "रंगूनहून आलास तेव्हापासून सांगतोय. शंखचक्राशेजारी ते कसलं लिखाण! आज काय झालं?"

"प्रेमाचं लग्न आलं ना, अण्णा. कन्यादानाला उघड्या अंगानं बसायचं. धारवाडची माणसं सोवळ्याची. बरं दिसत नाही."

कृष्णाजींचा चेहरा एकदम उजळला. धाकट्या भावाने आपलं म्हणणं मान्य केलं असे प्रसंग त्यांच्या आयुष्यात फारसे आले नव्हते. "सरी, ठीक आहे. काढूनच टाक. श्रीकांता, सांग बघू."

श्रीकांत हा कृष्णाजींचा मुलगा. सरकारी इस्पितळात सर्जरीच्या वॉर्डात होता. तो तोंड उघडणार, तेवढ्यात त्याची आई सुनंदाबाई बोलल्या.

"त्याला डॉक्टर कशाला? बिब्ब्याचं तेल नि चुना लावायचा. आमच्या शेजारच्या एकीच्या हातावरचं नाव असंच घालवलं होतं."

"गेलं?" तुंगाबाईंनी विचारलं.

"नाव गेलं. पण हात कोपरापर्यंत सुजला, पिकला, आणि पुढं कधी सरळ झाला नाही," सुनंदाबाई प्रामाणिकपणे म्हणाल्या.

"मग बनशंकरीच्या देवळाबाहेर ती गोंदणारी हच्चेवाली बसते," कृष्णाजी म्हणाले. "तिच्याकडून वरून तुळशीवृंदावन काढून घे. अक्षरं आत बुजून जातील."

"एवढ्या दोन ओळी बुजवायच्या तर वृंदावन केवढं होईल, मोठे अप्पा?" त्यांची लेक प्रेमा हसली. "छातीवर अख्खं देऊळच बांधावं लागेल. त्यापेक्षा मुद्राच मोठ्या लावा, म्हणजे झालं."

"घामानं गोपीचंदन ओघळतं. वैशाखातलं लग्न आहे," हणमंतराव म्हणाले. ते हसले नाहीत. या माणसाने सगळा विचार आधीच करून ठेवलाय, हे तुंगाबाईंच्या लक्षात आलं.

श्रीकांतने काफीचा पेला खाली ठेवला. घरातली माणसं आपलं डॉक्टरीचं बोलणं ऐकायला अशी रांगेत बसल्याचा त्याला आनंद झालेला दिसत होता. "काका, उपाय आहेत, पण एकही फुकटचा नाही. पहिला मिठाचा. खलाशी लोकांचा जुना उपाय. कातडी सोलेपर्यंत मिठानं घासायचं. खपली धरते, खपलीबरोबर थोडी शाई येते. असं दोनतीनदा. दुसरा, जागा फवारा मारून गोठवायची आणि मोटारीवर फिरणाऱ्या तारेच्या ब्रशानं खरवडायची. तिसरा, कापून काढायचं आणि टाके घालायचे. पण तुमचं चांगलं लांबरुंद आहे, दोन्हीकडची कातडी ओढून जुळायची नाही. मग मांडीची कातडी काढून तिथं बसवायची."

"अय्यो!" सुनंदाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मांडीची छातीवर?"

"लागते व्यवस्थित. अमेरिकेत म्हणे आता कसल्याशा प्रखर प्रकाशानं शाई जाळायचे प्रयोग चाललेत. ते आपल्याकडं यायला आमचे नातू डॉक्टर व्हावे लागतील."

तुंगाबाईंना मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. "काय रे, भाजलं, खरचटलं की नवी कातडी येते. आपण रोज अंघोळीला अंग घासतो. मग इतक्या वर्षांत ही शाई निघून कशी गेली नाही?"

"काकू, झडते ती वरची कातडी. सुई तिच्याखालच्या थरात जाते. तो थर हलत नाही. तिथं एकदा शाई बसली की मुक्कामालाच आली."

"आणि काढल्यावर तिथं काय राहील?"

"पांढरट, चकचकीत डाग. अक्षरं जातील. पण इथं काहीतरी होतं आणि ते काढलंय, हे कुणालाही कळेल."

"चालेल," हणमंतराव लगेच म्हणाले. "काहीतरी होतं हे कळलं तरी चालेल. वाचता आलं नाही म्हणजे पुरे."

वाचता! तुंगाबाईंच्या हातातली शेंग टोपलीत पडली.

गेल्या गुरुवारी धारवाडची मंडळी बोलणी पक्की करायला आली होती. नवऱ्यामुलाचे काका व्यंकटेशराव त्यांच्यात सगळ्यांत बोलके. युद्धाआधी अकरा वर्षं रंगूनला लाकडाच्या कंपनीत काढलेला माणूस. 'मला बर्मी अजून कन्नडसारखं वाचता येतं' म्हणाले, आणि पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्यांनी काळ्या फरशीवर प्रेमाचं नाव त्या लिपीत लिहून दाखवलं. गोल गोल अक्षरं. सगळे कौतुकाने वाकून बघत होते. तेवढ्यात ते हणमंतरावांकडे वळले. "तुम्हीही रंगूनला होतात म्हणे?" खरं तर हणमंतराव तिथल्या भाताच्या गिरणीत कारकून होते. जपानी आल्यावर तीन वर्षं त्यांचा पत्ता नव्हता. 'छावणीत होतो' यापलीकडे घरात कुणाला काही ठाऊक नव्हतं. पण त्या दिवशी ते नुसतंच म्हणाले, "थोडेच दिवस," आणि त्यांनी शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावली.

सोवळ्याची नव्हे, वाचणाऱ्याची भीती होती तर. तुंगाबाईंनी शेंगांची टोपली उचलली. "इस्पितळात मी येणार तुमच्याबरोबर," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं की नको म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

श्रीकांतने आधी एका अक्षरावर करून बघू म्हटलं होतं. मंगळवारी सकाळी, बाहेरच्या रुग्णांच्या गर्दीतून वाट काढत त्याने दोघांना मागच्या छोट्या खोलीत नेलं. हणमंतराव टेबलावर आडवे झाले. खालच्या ओळीचं शेवटचं अक्षर निवडलं. फवाऱ्याने कातडीवर पांढरं बर्फ धरलं, मग श्रीकांतने मिठाच्या पाण्यातली घडी घेऊन घासायला सुरुवात केली. तुंगाबाई उशाशी उभ्या होत्या. बाहेर थांबायला त्यांनी नकार दिला होता. आधी गुलाबी, मग लाल, मग बारीक बारीक रक्ताचे थेंब. घडीला निळसर काळं लागलं. इतकी वर्षं आत दडून बसलेली शाई अशी फडक्यावर बघताना तुंगाबाईंना भीती वाटायच्या ऐवजी नवल वाटत होतं.

हणमंतरावांनी हूं की चूं केलं नाही. पण श्रीकांत शेजारच्या अक्षराकडे वळला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"थांब."

"दुखतंय का काका? अजून फवारा मारू?"

"दुखत नाही. आज एवढं पुरे."

श्रीकांतने पट्टी बांधली. दोघं बाहेर आले. आवारातल्या मोठ्या झाडाखाली दगडी बाक होता, तिथे बसले. रुग्णांचे नातेवाईक पलीकडे डबे उघडत होते.

"तो मंत्र नाही ना?" तुंगाबाईंनी विचारलं.

"नाही."

"बाईचं नाव आहे?"

"आहे."

तुंगाबाईंनी श्वास आत ओढला. विचारायच्या आधीच त्यांनी मनाची तयारी केली होती. "कोण होती?"

"म्हातारी होती गं," ते म्हणाले. "दॉ म्या. कोळीण. लिहिलंय ते असं आहे, 'दॉ म्याचा मुलगा बा थिन.'"

"आणि बा थिन कोण?"

"मी."

मग हळूहळू सगळं आलं. रंगूनहून निघालेल्या जथ्याबरोबर ते पायी चालत होते. वाटेत तापाने पडले, लोक पुढे गेले. रस्त्यांवर टोळ्या हिंदी माणसांना गाठून मारत होत्या. दॉ म्याला ते नदीकाठी नावेच्या छपराखाली सापडले. तिचा मुलगा आदल्या पावसाळ्यात वारला होता, साधारण त्यांच्याच वयाचा. तिने त्यांना घरात घेतलं, आणि गावात कुणी परकं आलं तर दाखवता यावं म्हणून गावच्या गोंदणाऱ्याकडून मुलाचं नाव त्यांच्या छातीवर घातलं. भाषा येईपर्यंत मुका म्हणून राहायचं ठरलं.

"आणि गावातले लोक?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही."

"जानवं?"

"मीच काढून दिलं. दिसलं असतं तर संपलंच होतं. तिनं ते कुठं टाकलं नाही, नदीत सोडलं. हात जोडून."

तुंगाबाईंचा आवाज खाली आला. "मासे खाल्लेत?"

"तीन वर्षं. कोळ्याचं घर, दुसरं काय असणार? खाल्ले, पकडले, विकलेही."

"कसे लागतात?"

हणमंतरावांनी दचकून बायकोकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग शोधला, सापडला नाही. "पहिल्यांदा ओकलो," ते म्हणाले. "दुसऱ्यांदाही. ती पाठीवरून हात फिरवत बसायची. मग एक दिवस भूक लागली आणि चांगले लागले." त्यांनी पट्टीवर तळवा ठेवला. "इंग्रज परत आले तेव्हा म्हटलं, जातो आता. तिनं भात नि सुकी मासळी बांधून दिली. बोटीवर मी ती पुरवून पुरवून खाल्ली. कलकत्त्याला उतरलो, गंगेत बुडी मारली, नवं जानवं घातलं. झालं. मंत्र आहे म्हणून सांगितलं. कुणाला वाचता येत नव्हतं."

"आणि आज शेवटचं अक्षर गेलं तेव्हा थांबलात."

"आपल्याच हातानं तिच्या पोराला पुसतोय असं वाटलं," हणमंतराव म्हणाले. "पण पुसायलाच हवं, तुंगा. धारवाडकरांना कळलं तर लग्न मोडेल."

"ते प्रेमाला विचारू. लग्न तिचं आहे."

प्रेमाने सगळं ऐकून घेतलं. तिने एकच गोष्ट विचारली. "ती आजी अजून असेल का हो, अप्पा?" हणमंतरावांनी मान हलवली, त्यातून हो की नाही ते कळलं नाही. मग ती म्हणाली, "ज्या घरात वाचता येणारा माणूस आहे, तिथं जन्मभर गळ्याची गुंडी लावून यायचं तुम्ही? आणि मी तिथं नांदायचं? त्यांना आधी सांगा. मोडलं तर मोडलं."

खरा भडका उडाला तो संध्याकाळी, कृष्णाजी दुकानातून आल्यावर.

"तीन वर्षं!" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. "जानवं काढलंस, मासे खाल्लेस, आणि या घरात येऊन देवाला हात लावलास? आईच्या श्राद्धाला बसलास?"

"गंगेत—"

"गंगेचं नाव घेऊ नकोस! आणि हे आता त्या व्यंकटेशरावांना सांगायचं म्हणे! उद्या चिकपेटेतली सगळी दुकानं ऐकतील. श्रीकांतला सांगतो, सगळं खरवडून काढ. रक्त आलं तरी चालेल."

तुंगाबाई दाराशी उभ्या होत्या. दिराशी समोरासमोर बोलायची त्या घरात रीत नव्हती. आपण बोलावं की नाही हे ठरेना. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुनंदाबाई बाहेर आल्या. दोघी जावांचं तसं कधी फारसं जमलं नव्हतं. मिठाच्या बरणीपासून शेजघराच्या खिडकीपर्यंत सगळ्यावरून त्यांचं वाजलेलं होतं. आता ही आगीत तेल ओतणार, असं तुंगाबाईंनी मनात धरलं.

"ओरडू नका," सुनंदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तुंगा तेव्हा या घरात नव्हती. मी होते. सासूबाई त्या तीन वर्षांत पोस्टमन आला की उठायच्या आणि तो पुढं गेला की बसायच्या. जेवायला बसवलं तर म्हणायच्या, माझा हणमंता जेवला असेल का गं? रोज. मला त्याचं उत्तर देता येत नव्हतं." त्यांनी डोळे पुसले. "जेवत होता. कुणीतरी जेवू घालत होतं. हे त्यांना कळलं असतं तर मासे की वरण, हे त्यांनी विचारलं असतं का? तुम्हीच सांगा."

कृष्णाजी खुर्चीत टेकले. त्यांना आई आठवली असावी. त्यांनी उपरणं झटकलं. "प्रायश्चित्त घ्यावं लागेल," ते म्हणाले. "पंचगव्य, नवं जानवं. ते झाल्याशिवाय मी याच्या पंगतीला बसणार नाही."

"घेईन, अण्णा."

"आणि व्यंकटेशरावांना बोलवायचं ते तू बोलाव. मी नाही."

व्यंकटेशराव साड्यांच्या खरेदीसाठी मल्लेश्वरमला बहिणीकडे उतरले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले. बोलवायचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. मधल्या घरात बसल्यावर चेहऱ्यांवरूनच त्यांनी काही बिनसल्याचं ओळखलं. तुंगाबाईंनी काफी आणून ठेवली आणि आत न जाता तिथेच भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

हणमंतरावांनी काही प्रस्तावना केली नाही. शर्टाच्या गुंड्या काढल्या, बनियन वर केलं.

व्यंकटेशरावांनी चष्मा लावला आणि वाकले. आधी त्यांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. मग ते अडखळत वाचू लागले. "दॉ म्या... मुलगा... बा थि..." पट्टीपाशी ते थांबले.

"थिन," हणमंतराव म्हणाले. "बा थिन. मीच तो. तिच्या घरी तीन वर्षं राहिलो, तिच्या हातचं सगळं खाल्लं. तुम्हाला सांगितल्याशिवाय मुलगी द्यायची नाही, असं आमच्या घरचं ठरलंय."

व्यंकटेशरावांनी चष्मा काढला. त्यांनी कृष्णाजींकडे पाहिलं नाही, की काफीकडेही. हणमंतरावांकडे बघत ते एक वाक्य बोलले. "थमिन सा पी बी ला?"

हणमंतरावांचा चेहरा असा हलला, जणू कुणी मागून खांद्यावर हात ठेवला. त्यांनी उत्तर दिलं, त्याच भाषेत. मग व्यंकटेशराव काही बोलले, हणमंतराव बोलले, आणि दोघं बोलतच राहिले. तुंगाबाई ऐकत होत्या. वीस वर्षं ऐकलेला तो आवाज नव्हता. वरच्या पट्टीतला, भरभर उड्या मारत जाणारा, कुणा विशीतल्या पोराचा आवाज होता. मध्येच दोघंही हसले. एकही शब्द न कळता प्रेमाही हसली. काफीवर साय धरली.

तुंगाबाईंना राहवेना. "काय विचारलंत हो तुम्ही त्यांना?"

"जेवलास का?" व्यंकटेशराव म्हणाले. "तिकडं माणूस भेटला की पहिलं हेच विचारतात." ते जरा थांबले, दाराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "अकरा वर्षं मी रंगूनला होतो, वहिनी. धारवाडला आमच्या घरी अजून समजतात, मी सगळा वेळ पोहे नि केळी खाऊन राहिलो."

सुनंदाबाईंना आधी कळलं. त्यांनी पदर तोंडात कोंबला. मग श्रीकांत हसला, मग सगळंच घर. कृष्णाजी हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. "तुम्हीही?" एवढंच म्हणाले.

"मीही, अण्णा. यांना निदान जिवाची भीती होती. मला नुसती चव लागली होती." ते हणमंतरावांकडे वळले. "लग्न होईल. आमच्या घरी हे मी माझ्या पद्धतीनं सांगेन. आणि ते खरवडू नका. वाचणारा धारवाडात मी एकटाच आहे."

ते गेले तेव्हा दिवेलागण होत होती. हणमंतराव मागच्या पडवीत जाऊन बसले होते, शर्टाच्या गुंड्या अजून उघड्याच. तुंगाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांच्याजवळ विचारायच्या गोष्टी साचल्या होत्या. म्हातारी दिसायला कशी होती, घरात चूल कुठं होती, ती रागावली की काय म्हणायची. हणमंतराव एकेक सांगत होते. आईला तिकडं 'अमे' म्हणतात, तेही सांगितलं. तुंगाबाईंनी तो शब्द दोनदा पुटपुटून बघितला.

"आणि सासूला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं. "मी त्यांना काय म्हणायचं?"

हणमंतरावांनी आठवून पाहिलं. बराच वेळ आठवलं.

"ठाऊक नाही गं," ते म्हणाले. "बा थिनचं लग्न झालंच नव्हतं."